न उभारलेल्या कारखान्याची किंमत

बाँबस्फोटाने पूल कोसळला, तर त्याच्या दुरुस्तीचा खर्च कोणताही इंजिनिअर मांडून देईल. परंतु जो कारखाना भीतीपोटी उभाच राहिला नाही, त्याची किंमत कोणत्या वहीत लिहावयाची? दहशतवादाने एखाद्या प्रदेशाची झालेली आर्थिक हानी बव्हंशी या दुसऱ्या प्रकारची असते. स्पेनमधील बास्क प्रांताचे उदाहरण या दृष्टीने मोठे बोलके आहे.

पोलाद आणि जहाजबांधणी यांच्या बळावर १९७० च्या सुमारास हा प्रांत दरडोई उत्पन्नात स्पेनच्या सतरा विभागांत तिसरा होता. १९५९ साली स्थापन झालेल्या ‘एटा’ या संघटनेने १९६८ पासून हत्यासत्र आरंभिले. उद्योजकांना पळवून न्यावे, ‘क्रांतीचा कर’ म्हणून खंडणी उकळावी, असा तिचा परिपाठ पडला. शतकाअखेर हा प्रांत सहाव्या क्रमांकावर उतरला. परंतु ही सारी घसरण एटाच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. कारण त्याच काळात तेल महागले आणि पोलाद व जहाजे या धंद्यांना जगभर उतरती कळा लागली. अंगात दोन रोग असता कोणत्या रोगाने किती अशक्तता आली, हे कसे ठरवावे?

आबादी आणि गार्देआसाबाल या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात यावर मोठी मार्मिक युक्ती योजिली. त्यांनी बास्क प्रांताचा एक काल्पनिक जुळा भाऊ घडविला. सुमारे ८५ टक्के कॅटलोनिया आणि १५ टक्के माद्रिद असे मिश्रण केले, की हिंसाचार बळावण्यापूर्वीच्या वर्षांत त्याची वाटचाल बास्क प्रांताशी जुळते. पुढे मात्र दोघांची फारकत होते. १९८० नंतरच्या दोन दशकांत हे अंतर सरासरी दहा टक्के भरले. म्हणजे जेथे शंभर पेसेटा मिळावयाचे, तेथे नव्वदच हाती आले. मारल्या गेलेल्या आठशेहून अधिक माणसांचा हिशेब यात अर्थातच नाही.

या मोजपट्टीतही वाक आहे. बास्क प्रांत सोडून गेलेले भांडवल कॅटलोनियात शिरले असेल, तर अंतर फुगून दिसेल. उलट १९८७ साली एटाने बार्सिलोनातही २१ माणसे मारली, तेव्हा जुळा भाऊही सर्वस्वी निरोगी नव्हे.

म्हणून त्यांनी शेअरबाजाराची साक्ष काढली. सप्टेंबर १९९८ मध्ये एटाने शस्त्रसंधी जाहीर केली. ती टिकेल असा विश्वास वाटू लागताच बास्क कंपन्यांचे शेअर इतरांच्या तुलनेत वधारले, आणि १९९९ च्या अखेरीस ती मोडली तेव्हा ते मागे पडले.