आकाशातून पडणाऱ्याची जबाबदारी कोणावर?

हवाई छत्री घेऊन विमानातून उडी मारणारा गडी सुखरूप उतरला की लोक टाळ्या वाजवतात. ज्याच्या मळ्यात तो उतरला त्याचे काय झाले, हे पुसायला कोणी जात नाही. आम्ही वकील नव्हे. पण कामगारांचे भरपाईचे दावे लढवण्यात आमची उमर गेली, म्हणून हा विषय आपल्यापुढे मांडतो.

त्याचे मूळ सापडते फुग्याच्या एका खटल्यात. न्यूयॉर्कमध्ये गिल नावाचा उड्डाणपटू स्वान याच्या मळ्यात उतरला. उतरताना तो पाळण्याबाहेर लोंबकळत होता आणि मळ्यातल्या माणसाला मदतीसाठी हाका मारीत होता. फुगा बटाटे-मुळ्यांवरून तीसेक फूट फरफटला. नुकसान सुमारे १५ डॉलर. पण मागोमाग दोनशेवर बघे कुंपण मोडून घुसले आणि भाजी, फुले, सारे तुडवून गेले. ज्यूरीने ९० डॉलर भरपाई ठरवली. गिल म्हणाला, माझ्यापुरते मी देतो, गर्दीचे माझ्या माथी का? १८२२ साली वरिष्ठ न्यायालयाने ते मानले नाही. फुगा वाऱ्याच्या मर्जीने चालतो, तो उतरला की गर्दी धावणारच, हे उडणाऱ्याला ठाऊक असते. शिवाय त्याने हाका मारलेल्या. उड्डाण बेकायदा नव्हते, तरी सारी भरपाई त्याच्याच पदरी पडली.

कामगाराला हे समजणे जड नाही. यंत्रात हात सापडला तर आधी मालकाची चूक शाबीत करा, हे ओझे आपल्याकडे १९२३ च्या भरपाई कायद्याने उतरवले. इंग्लंडच्या १९८२ च्या विमान कायद्यातले ७६ वे कलम त्याच जातीचे. विमानातून पडलेल्या वस्तूने, जनावराने किंवा माणसाने जमिनीवर नुकसान केले, तर हयगय शाबीत न करताही विमानमालकाकडून भरपाई मिळते. नुकसान सोसणाऱ्याचीच हयगय असली तर गोष्ट वेगळी. खरा दोषी दुसरा असेल, तर मालकाने मागाहून त्याच्याकडून वसूल करावे. आपखुशीने उडी मारणारा 'पडला' म्हणायचा काय, यावर वकील घोळ घालतील. ज्याची कौले फुटली त्याला या व्याकरणाशी काय कर्तव्य?

१९५२ च्या रोम करारानेही विमान चालवणाऱ्यावर अशीच जबाबदारी टाकली. मात्र भरपाईला विमानाच्या वजनानुसार कमाल मर्यादा घातली. ही मेख आम्हाला पसंत नाही.

आणखी एक. चूक शाबीत करावी लागली नाही, तरी नुकसान किती झाले हे दाखवावेच लागते. पीक तुडवले गेले त्याच दिवशी पंचनामा करून घ्यावा.