वृद्धाश्रमातील स्नानगृह कसे असावे?

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजारी आणि वृद्ध भाविकांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी जाण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका भेटीत एका वृद्धाश्रमातील आजींनी समोर आलेला चहाचा कप हळूच बाजूला सारला. मधुमेहाचे पथ्य असेल असे समजून मी काही बोललो नाही. निघताना त्याच म्हणाल्या, ‘‘फादर, चहा घेतला की दोनदा जावं लागतं. आणि जायचं म्हणजे कोणाला तरी हाक मारावी लागते.’’

त्यांच्या खोलीपासून शौचालय वीस-पंचवीस पावलांवर, व्हरांड्याच्या टोकाला होते. दाराशी चार इंचांचा उंबरा, आत चकचकीत पांढऱ्या फरश्या, आणि धरायला म्हणून टॉवेल अडकवण्याची एक दांडी. ती दांडीही एका टोकाला भिंतीतून सुटलेली होती. अनेक हातांनी तिचा आधार घेतला असणार.

वृद्धापकाळातील एकाकीपणा, औषधोपचार, मुलांचे दुर्लक्ष या विषयांवर आपण पुष्कळ बोलतो आणि लिहितो. स्नानगृहाचा विषय मात्र संकोचापायी टाळला जातो. इमारत समितीच्या बैठकांत प्रार्थनालयातील संगमरवर किती जाडीचा असावा यावर दोन तास चर्चा झालेली मी ऐकली आहे. शौचालयाचा नकाशा दोन मिनिटांत संमत होतो. (त्या बैठकांत मीही उपस्थित होतो, हे कबूल केले पाहिजे.)

शौचालयाला जाणे कठीण झाले की माणूस प्रथम पाणी पिणे कमी करतो. त्यातून बद्धकोष्ठता होते, मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि उन्हाळ्यात शरीरातील पाणी धोकादायक पातळीपर्यंत घटते. वृद्धांमध्ये असा संसर्ग अनेकदा ताप न येता नुसत्या गोंधळलेपणाने प्रकट होतो. माणूस असंबद्ध बोलू लागतो, दिवस-रात्र विसरतो, आणि नातेवाईक म्हणतात, ‘आता वयच झालं.’ याचे मूळ कारण एखादा उंबरा किंवा सुटलेली दांडी असू शकते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

दुसरे संकट पडण्याचे. अंथरुणातून एकदम उठल्यावर रक्तदाब क्षणभर खाली येतो. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना हा त्रास अधिक. त्यात मध्यरात्र, घाई, अंधार आणि ओली फरशी एकत्र आली की खुब्याचे हाड मोडायला वेळ लागत नाही. अपघाती मृत्यूंच्या कारणांमध्ये जगभरात रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात साठीपुढील व्यक्तींची संख्या सर्वाधिक असते.

यावरील उपाय फारसे खर्चिक नाहीत, परंतु ते बांधकामापूर्वी सुचावे लागतात. आपल्याकडे अंघोळीचे पाणी बाहेर येऊ नये म्हणून उंबरा ठेवतात. त्याऐवजी फरशीला नीट उतार देऊन न्हाणीच्या कडेने लांब जाळीदार पन्हळ बसवली, तर खोली आणि स्नानगृह एकाच पातळीवर राहते. चाकाची खुर्चीही सहज आत जाते. अंघोळीची जागा आणि कमोडची जागा वेगळी ठेवली की रात्री पाय कोरड्या फरशीवर पडतो. फरशी खरखरीत, न घसरणारी हवी. घासायला थोडी अवघड गेली तरी चालेल. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे. आत पडलेली व्यक्ती दाराला टेकून असेल, तर आत उघडणारे दार बाहेरून ढकलता येत नाही आणि मोलाची मिनिटे वाया जातात. आतली कडीही बाहेरून उघडता येईल अशी हवी.

गुडघे थकलेल्या माणसाला भारतीय पद्धतीचे शौचालय वापरता येत नाही हे आता सर्वांना पटले आहे. पण बाजारातला साधा कमोडही बऱ्याच वेळा बुटका असतो. केंद्र शासनाच्या २०२१ च्या सुगम्यताविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार बैठकीची उंची जमिनीपासून ४५ ते ४८ सेंटीमीटर असावी. दोन-तीन इंचांचा हा फरक दुखऱ्या गुडघ्यांना चांगलाच कळतो. आधाराच्या दांड्या दोन्ही बाजूंना हव्यात, कारण अर्धांगवायूने कोणाची उजवी बाजू जाते, कोणाची डावी. पाण्याची तोटी आणि जेटदेखील कमकुवत हाताच्या बाजूला आल्यास निरुपयोगी ठरतात. दांडी पक्क्या भिंतीत खोलवर बसवावी, आणि काम झाल्यावर मिस्त्रीने तिला स्वतः लटकून दाखवावे. टॉवेलची दांडी आणि आधाराची दांडी यांत गल्लत नको. किंवा मग प्रत्येक दांडी माणसाचे वजन पेलेल अशीच बसवावी, कारण तोल जाताना हात निवड करीत नाही.

आपली माणसे बादली आणि तांब्या घेऊन अंघोळ करतात, हे वास्तुविशारदांनी विसरू नये. परदेशी पुस्तकातील शॉवर बसवला तरी आजी बादलीच मागणार. मग पाठीचा आधार असलेला, रबरी पायांचा स्टूल आणि बादली ठेवायला गुडघ्याएवढ्या उंचीचा ओटा करावा. वाकणे टळले की चक्कर टळते. साबण, तांब्या, कोरडे कपडे हे सारे बसल्या जागी हाताशी यावे.

गरम पाण्याविषयी विशेष सावधगिरी हवी. ६० अंश सेल्सियसचे पाणी अंगावर पडले तर काही सेकंदांत त्वचा खोलवर भाजते. वृद्धांची त्वचा पातळ असते, आणि मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांना चटका उशिरा समजतो. गिझरचे तापमान मर्यादित ठेवावे, शक्य असेल तेथे गरम-थंड पाणी आपोआप मिसळणारा नळ बसवावा, आणि बादलीत थंड पाणी आधी घेण्याची सवय ठेवावी. गॅसचा गिझर बंदिस्त स्नानगृहात कधीही नको. त्यातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याने माणसे बेशुद्ध होऊन दगावली आहेत.

नेत्रतज्ज्ञ सांगतात की विशीतल्या तरुणाच्या तुलनेत साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. स्वच्छतेचे प्रतीक म्हणून आपण फरशी, भिंत आणि कमोड सारे पांढरे शुभ्र करतो. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना मग बैठक कोठे संपते आणि जमीन कोठे सुरू होते हेच उमगत नाही. बैठक किंवा मागची भिंत गडद रंगाची केली की हा प्रश्न थोडक्यात सुटतो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना तर याचा मोठा उपयोग होतो. दार अर्धे उघडे असताना पलंगावरून कमोड दिसत असेल, तर कित्येकांना विचारावेही लागत नाही. त्यांच्यापैकी काहींना आरशातील चेहरा परका वाटतो आणि आत कोणीतरी आहे असे समजून ते परत फिरतात. तेथे आरशावर पडदा असावा. पलंगापासून स्नानगृहापर्यंत जमिनीलगत मंद पिवळसर दिवे हवेत, आणि वीज गेली तरी ते चालू राहिले पाहिजेत.

एका जुन्या इमारतीचे उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. फिनलंडमधील पायमिओ येथे १९३३ मध्ये क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. त्याचे वास्तुविशारद अल्व्हार आल्टो यांनी खोलीतील हात धुण्याचे भांडे अशा उताराचे घडवले की पाण्याची धार त्यावर पडताना आवाज होऊ नये. एका खोलीत दोन रुग्ण असत, आणि एकाने हात धुतल्याने दुसऱ्याची झोप मोडू नये हा त्यामागील विचार होता. आपल्या अनेक आश्रमांत वृद्ध मंडळी दोघे-तिघे मिळून एका खोलीत राहतात. रात्री आपल्यामुळे शेजारणीची झोप मोडेल म्हणून पहाटेपर्यंत थांबून राहणाऱ्या स्त्रिया मला माहीत आहेत.

मदतीची हाक देण्याची सोयही याच विचाराने करावी. भिंतीवरील उंच बटण उभ्या माणसासाठी असते. पडलेल्या माणसाला जमिनीजवळ लोंबणारी दोरी लागते. ती दोरी झाडताना अडचण होते म्हणून वर गुंडाळून ठेवलेली अनेक ठिकाणी दिसते. मदतनीस आत आली तरी लाज राखली जावी यासाठी न्हाणीला पडदा हवा. अंघोळ घालणाऱ्या मुलीला कमोडच्या एका बाजूला उभे राहायला जागा हवी, नाहीतर तिची पाठ धरते आणि वृद्धेला ती घाईने ओढते.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान एक आश्रम उभारण्याची तरतूद आहे. निवृत्तांच्या निवासांसाठी केंद्र शासनाने २०१९ मध्ये आदर्श मार्गदर्शक सूचनाही काढल्या. परंतु आपल्याकडील अनेक आश्रम त्याआधीच्या इमारतींत, कधी जुन्या शाळांत, कधी दानात मिळालेल्या बंगल्यांत चालतात. तेथे सुरुवात दुरुस्तीपासूनच करावी लागते. कोणी देणगीदार आई-वडिलांच्या स्मरणार्थ काय देऊ असे विचारतात, तेव्हा मी हल्ली एक स्नानगृह सुचवतो. नावाची पाटी कोठे लावायची, या प्रश्नाशी बोलणे बऱ्याचदा अडते.

ज्या आश्रमाचा आरंभी उल्लेख केला, तेथील धर्मभगिनींनी व्हरांड्यातील तीनपैकी दोन शौचालयांचे उंबरे काढून दोन्ही बाजूंना दांड्या बसवल्या आहेत. तिसऱ्याचे काम अडले आहे, कारण तेथील सांडपाण्याचा नळ फरशीपेक्षा उंचावर आहे आणि तो खाली घ्यायचा तर खालच्या मजल्यावरील स्वयंपाकघराचे छत फोडावे लागेल.