नव्या शहरात मैत्री : कोणतं अ‍ॅप निवडाल?

नोकरीसाठी पुण्याहून चेन्नईला आलात. घर ओएमआरवर, ऑफिसही तिथेच. तमिळ येत नाही, शेजाऱ्यांशी ओळख हसण्यापुरती. आठवडा कामात निघून जातो, पण रविवारची दुपार खायला उठते. मग हात मोबाइलकडे जातो आणि मैत्री जुळवणारी ढीगभर अ‍ॅप्स समोर येतात. त्यातलं कोणतं घ्यायचं?

ओळख अ‍ॅपची, वेळ आपला

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासानुसार, ओळखीचं रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला सुमारे ५० तास सोबत घालवावे लागतात, तर जिवलग मैत्रीला २०० हून जास्त. म्हणजे अ‍ॅप फक्त ओळख करून देतं. त्यामुळे त्याच माणसांना पुन्हा पुन्हा भेटवणारं अ‍ॅप निवडा.

एकटी व्यक्ती की गट?

२०१६ मध्ये सुरू झालेल्या बम्बल बीएफएफवर प्रोफाइल पाहून एकेका व्यक्तीशी ओळख होते. गप्पा लगेच सुरू होतात, पण भेटीसाठी पुढाकार तुम्हालाच घ्यावा लागतो. मीटअप २००२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं. तिथे धावणं, वाचन, बोर्ड गेम अशा आवडींचे गट असतात, भेटीची तारीख आणि जागा आधीच ठरलेली असते. लाजाळू व्यक्तीला गट सोपा पडतो, कारण बोलायला विषय आयताच मिळतो.

गटात जाण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा. गेल्या महिन्यात तो खरोखर भेटला होता का? आणि भेटीची जागा घराजवळ आहे का? ओएमआरवरून दर आठवड्याला अण्णानगर गाठायचं म्हटलं, तर उत्साह लवकरच मावळतो.

सावधगिरी हवीच

पहिली भेट वर्दळीच्या ठिकाणी ठरवा. बेसंटनगरचा इलियट्स बीच किंवा कोट्टूरपुरमचं अण्णा शताब्दी ग्रंथालय उत्तम. कुठे जाताय, ते घरी सांगून ठेवा. लगेच घरचा पत्ता देऊ नका. कोणी पैसे मागितले, तर बोलणं तिथेच थांबवा. फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. ही दोन्ही अ‍ॅप्स १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहेत, मुलांच्या मोबाइलवर ती नकोत.

पहिल्या भेटीत मन रमलं नाही, तर लगेच गट बदलू नका. आठवड्याला तीन तास दिले, तरी चार महिन्यांत ५० तास भरतात. तोवर रविवारची वाट पाहणारं कुणीतरी नक्की भेटलेलं असेल.