समजावणे म्हणजे घडी उलगडणे

मुलांच्या प्रश्नपत्रिकेत एक सूचना हमखास असते. मराठीत ‘स्पष्ट करा’, उर्दूत ‘तशरीह कीजिए’ आणि इंग्रजीत ‘एक्स्प्लेन’. पुढच्या वर्गांत ‘एक्स्प्लिकेट’ हा जड शब्दही भेटतो. बरीच मुले याचा अर्थ ‘लांबलचक लिहा’ असा घेतात आणि पाठ केलेला परिच्छेद उतरवून मोकळी होतात. हे शब्द मुळात काय सांगतात, ते पाहू या.

‘एक्स्प्लेन’ हा शब्द लॅटिनमधून आला. ‘प्लानुस’ म्हणजे सपाट. खडबडीत जागा सपाट करावी, तसा अवघड विषय सोपा करणे हा त्याचा अर्थ. ‘एक्स्प्लिकेट’ इंग्रजीत 16 व्या शतकात आला. लॅटिनमध्ये ‘प्लिकारे’ म्हणजे घडी घालणे आणि ‘एक्स’ म्हणजे बाहेर. म्हणून ‘एक्स्प्लिकारे’ म्हणजे घडी उलगडणे. रोमन लोकांची पुस्तके गुंडाळ्यांच्या रूपात असत, ती उलगडूनच वाचावी लागत. पुढे युरोपातील हस्तलिखितांच्या शेवटी ‘एक्स्प्लिकिट’ असे लिहीत, म्हणजे ग्रंथ येथे संपला.

याच घराण्यातला ‘कॉम्प्लिकेटेड’ म्हणजे एकात एक घड्या पडलेला. ‘सिम्पल’ हा शब्द ज्या ‘सिम्प्लेक्स’वरून आला, त्याचा अर्थ एकपदरी.

आपल्या भाषाही हेच सांगतात. मराठीत आपण ‘अर्थ उलगडला’ म्हणतो. ‘तशरीह’ आणि ‘शरह’ यांच्या अरबी धातूत उघडण्याचा अर्थ आहे. मराठीतला ‘तपशील’ हा अरबी ‘तफसील’च आहे, त्याच्या मुळाशी भाग वेगळे करण्याची कल्पना आहे. ‘खुलासा’ मात्र जपून वापरावा. उर्दूत तो सारांश असतो, मराठीत स्पष्टीकरण.

आता एक उदाहरण घेऊ. विज्ञानातला ‘फोटोसिंथेसिस’ हा शब्द मुलांना घाबरवतो. तो ग्रीक आहे. ‘फोटो’ म्हणजे प्रकाश, ‘सिंथेसिस’ म्हणजे एकत्र जोडणे. उर्दूत ‘ज़ियाई तालीफ़’: ज़िया म्हणजे प्रकाश, तालीफ़ म्हणजे जोडणी. मराठीत ‘प्रकाशसंश्लेषण’. तिन्ही शब्दांत एकच गोष्ट आहे. वनस्पती प्रकाशाच्या मदतीने पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून अन्न तयार करते. एवढे उलगडले की व्याख्या घोकावी लागत नाही.

घरी उर्दू, बाहेर मराठी आणि पुस्तकात इंग्रजी, अशा तीन भाषांत आपली मुले वाढतात. एखादा धडा कळला नाही की ‘डोके चालत नाही का?’ असे आपण चटकन बोलतो. मूल गप्प होते आणि पुढच्या वेळी विचारतच नाही. शिक्षक म्हणून आम्हांला पाठ न येणाऱ्या मुलापेक्षा विचारणे सोडून दिलेल्या मुलाची काळजी अधिक वाटते. घडी त्या मजकुरात असते, मुलात खोट नसते.

इस्त्रीचा दुपट्टा एका झटक्यात ओढला तर चुरगळतो. तो एकेक घडी करून उघडावा लागतो. अम्मी-अब्बांनी आणि आम्ही शिक्षकांनीही एवढे करावे: आधी मुलाला विचारावे, “बेटा, कुठपर्यंत समजले?” आणि तिथूनच पुढची घडी उघडावी. मग त्याला सांगावे, “आता हेच तुझ्या शब्दांत मला समजाव.” भाषा कोणतीही चालेल. जे मूल धाकट्या भावंडाला समजावू शकते, त्याला तो धडा नक्कीच कळलेला असतो.