शाळा कोणाची? गुरुजींची, सरकारची की आईबापांची?

जर्मनीतल्या मराठी घरात मूल चौथीत गेले की घरातले बोलणेच बदलते. आपल्याकडे दहावीच्या वर्षी जी धाकधूक घराघरांत शिरते, ती येथे मूल जेमतेम दहा वर्षांचे असताना दाराशी येऊन उभी राहते. कारण सोळापैकी बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चौथीलाच संपते. फक्त बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग येथे ती सहावीपर्यंत चालते. पाचवीपासून वाटा फुटतात. गिम्नाझियुमची वाट सरळ विद्यापीठाकडे जाते. रिआलशूले दहावीपर्यंत शिकवून पुढच्या व्यवसायशिक्षणाकडे नेते. हाउप्टशूले त्याहून लवकर हाताला काम शिकवण्याकडे वळते. अनेक राज्यांनी शेवटच्या दोन शाळा आता एकत्र केल्या आहेत. शिवाय सर्वांना एकाच छपराखाली घेणारी गेझाम्टशूलेही आहे. तरी आईबापांचा प्रश्न तोच राहतो: आमच्या बाळाने कोठे जायचे, आणि ते ठरवायचे कोणी?

उत्तर राज्याप्रमाणे बदलते. बव्हेरियात मे महिन्याच्या आरंभी मुलाच्या हाती एक दाखला पडतो. त्यावर जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी असते. येथे १ हा सर्वोत्तम गुण आणि ६ हा सर्वांत वाईट, हे नव्याने आलेल्यांनी आधी ध्यानात घ्यावे. सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियुम, २.६६ पर्यंत असेल तर रिआलशूले. ती हुकली तर तीन दिवसांचे परीक्षा-वर्ग असतात. शेजारच्या हेसेन राज्यात मात्र शाळा सल्ला देते आणि निर्णय आईबाप घेतात. पुढे मूल त्या वाटेवर टिकले नाही तर शाळा बदलावी लागू शकते, पण पहिला शब्द घरच्यांचा असतो. आशाफेनबुर्ग बव्हेरियात आणि फ्रांकफुर्ट हेसेनमध्ये, मधले अंतर चाळीसेक किलोमीटर. तेवढ्यात आईबापांचा अधिकार असा पालटतो.

घटनेने दिलेले स्थान

हा अधिकार कोणा शिक्षणाधिकाऱ्याच्या मर्जीवर नाही. १९४९ च्या जर्मन घटनेचे सहावे कलम सांगते की मुलांचे संगोपन हा आईबापांचा नैसर्गिक हक्क आहे आणि तेच त्यांचे पहिले कर्तव्यही आहे. लगेच पुढचे सातवे कलम सगळी शालेय व्यवस्था राज्यसंस्थेच्या देखरेखीखाली ठेवते. दोन तलवारी एका म्यानात राहायच्या कशा? हेसेनमधल्या पाचवी-सहावीच्या सामाईक वर्गांवरून हा वाद थेट घटना-न्यायालयात गेला. ६ डिसेंबर १९७२ रोजी न्यायालयाने निकाल दिला: शाळेतील शिक्षणाबाबत राज्यसंस्थेचा अधिकार आईबापांच्या अधिकाराच्या बरोबरीचा आहे, आणि मूल घडवणे हे दोघांचे सामाईक काम असून ते परस्पर सहकार्यानेच पार पडू शकते.

हेसेन तर आणखी पुढे गेले आहे. त्या राज्याच्या १९४६ च्या घटनेतच शिक्षणव्यवस्था कशी असावी हे ठरवण्यात आईबापांना वाटा दिलेला आहे. प्रत्येक वर्गाचे पालक दोन वर्षांसाठी आपला प्रतिनिधी निवडतात. वर्गप्रतिनिधींची मिळून शाळेची पालकसमिती होते, आणि अगदी वर राज्याचीही पालकसमिती असते. शाळेच्या निर्णयमंडळात निम्म्या जागा शिक्षकांच्या, तर निम्म्या पालक-विद्यार्थ्यांच्या.

विसबाडेनची एक शाळा

कायदा कागदावर असतो. तो वर्गात कसा दिसतो हे पाहायचे तर विसबाडेनच्या हेलेने लांग शाळेकडे पाहावे. मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्यभर झगडलेल्या हेलेने लांग (१८४८–१९३०) यांचे नाव तिला दिलेले आहे. पूर्वी हे गिम्नाझियुम होते. १९८६ मध्ये, मुख्याध्यापिका एन्या रीगेल यांच्या काळात, तिचे पाचवी ते दहावीच्या सामाईक शाळेत रूपांतर झाले. म्हणजे आपल्या भाषेत ही निखळ माध्यमिक शाळा. हुशार, मध्यम, अडखळणारी अशी सगळी मुले एकत्र बसतात. प्रत्येक इयत्तेसाठी शिक्षकांचा एक ठरलेला गट असतो, त्या इयत्तेला शाळेत आपली स्वतंत्र जागा असते, आणि तोच गट मुलांना वर्षानुवर्षे सांभाळतो. त्यामुळे पालकांना विषयागणिक नवा चेहरा शोधत हिंडावे लागत नाही.

या शाळेतल्या एका प्रथेची जर्मनीत फार चर्चा झाली. आपले वर्ग मुले स्वतःच झाडतात-पुसतात, आणि सफाईवरचे जे पैसे वाचतात त्यांतून नाटकातली जाणकार मंडळी शाळेत बोलावली जातात. मोठ्या वर्गातली मुले काही आठवडे बाकीचे विषय बाजूला ठेवून नाटकच बसवतात. आपल्यातला एखादा पालक हे ऐकून म्हणेल, "गणित बुडते त्याचे काय?" त्याचे उत्तर निकालांनी दिले. २००१ च्या डिसेंबरात पिझा या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निकाल लागले आणि सारा जर्मनी हादरला. देशातली मुले सरासरीच्या खाली होती, आणि घरची परिस्थिती व मुलाचे यश यांची गाठ येथे इतरांपेक्षा घट्ट होती. त्याच चाचणीत ही झाडूवाली, नाटकवाली शाळा मात्र उत्तम ठरली. २००७ मध्ये तिला जर्मन शाळा पुरस्कारही मिळाला.

दुधारी शस्त्र

पालकांचा शब्द चालतो म्हणजे सगळे गोड होते असे नव्हे. हांबुर्गच्या विधानसभेतील सर्व पक्षांनी प्राथमिक शाळा सहा वर्षांची करायचे ठरवले होते, म्हणजे मुलांची विभागणी दोन वर्षे लांबली असती. १८ जुलै २०१० च्या सार्वमतात मतदारांनी तो बेत मोडला. त्या विरोधाच्या अग्रभागी पालकच होते. ज्यांना सभा भरवता येतात, पत्रके काढता येतात, त्यांचा आवाज मोठा होतो. ज्यांना भाषा येत नाही त्यांची मुले मात्र त्याच निर्णयाखाली राहतात.

उलट, आईबाप गप्प राहिले तर काय होते, याचेही उदाहरण हेसेनमध्येच आहे. ओडेनवाल्ड शाळा नव्या शिक्षणाचे तीर्थक्षेत्र मानली जाई. तेथे मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याची बातमी १९९९ मध्ये छापून आली, पण कोणी कान दिला नाही. २०१० मध्ये सारे उघड झाले. चौकशीत किमान १३२ मुले अत्याचारग्रस्त आढळली, आणि २०१५ मध्ये ती शाळा बंद पडली. शाळेचे तत्त्वज्ञान कितीही उदात्त असो, पालकांनी तिच्यापुढे डोळे मिटून हात जोडू नयेत.

आपण काय करावे?

आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात शाळेची पायरी म्हणजे देवळाची पायरी. गुरुजी सांगतील ते प्रमाण, आणि शाळेतून बोलावणे आले तर मुलाने काहीतरी उपद्व्याप केला असणार! येथे तसे नाही. संध्याकाळची पालकसभा, एल्टर्नआबेंड, ही तक्रारीची जागा नसून कामाची जागा आहे. सहलीचा खर्च, गृहपाठाचा भार, कच्च्या मुलांना मदत, हे सगळे तेथेच बोलले जाते. जर्मन मोडके असले तरी जावे. अडचण असेल तर जाणत्या परिचिताला सोबत न्यावे, पण मुलाला दुभाष्या करू नये. स्वतःच्याच प्रगतीचे गाऱ्हाणे त्याने भाषांतरित करायचे, ही त्याला शिक्षाच होते.

दुसरी गोष्ट गुणांची. "वर्गात गप्प बस, गुरुजींना उलट बोलू नकोस," ही आपली शिकवण येथे अंगाशी येऊ शकते. वर्गातल्या तोंडी सहभागाला लेखी परीक्षेच्या तोडीचे महत्त्व असते. मन लावून ऐकणारे मराठी मूल शिक्षकाला कधी कधी निरुत्साही वाटते. पालकाने चौथीच्या आधीच ही गोष्ट शिक्षकांशी बोलून घेतली, तर पुढच्या शिफारशीवर तिची सावली पडणार नाही.

हा विचार आपल्याला परका आहे असेही नाही. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय काढले, तेथे मुलाचा आनंद हाच शिक्षणाचा पाया धरला. भारताच्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे सांगितले आहे. गावाकडच्या कितीतरी आया आज त्या समितीत बसतात. फ्रांकफुर्टच्या किंवा म्युनिकच्या शिकल्यासवरल्या आईने वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीत हात वर करायला मग का कचरावे?

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच ही निवडणूक होते, आणि बऱ्याच वर्गांत उमेदवार मिळता मिळत नाही. पुढच्या वेळी "कोण तयार आहे?" असा प्रश्न आला, तर एक मराठी हात वर जायला हरकत नाही.