थेंब चालतो, धार नको!

मीरा-भाईंदरमधील खारीगावच्या पश्चिमेला, उत्तनच्या किनाऱ्यावर, मासेमारी बंदीच्या काळात (१ जून ते ३१ जुलै) यांत्रिक नौकांची डागडुजी होते. त्यात पंख्याच्या शाफ्टच्या ग्लँडकडे दुर्लक्ष झाल्यास पुढे भर समुद्रात खलाशांच्या जिवावर बेतू शकते.

शाफ्ट नौकेच्या तळातून बाहेर पडतो, तेथे पाणी आत शिरू नये म्हणून ग्लँडमध्ये ग्रीस लावलेल्या दोरीची कडी दाबून बसवलेली असतात. शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब गळणे हा बिघाड नव्हे; त्यानेच शाफ्ट थंड राहतो. धार लागल्यास इंजिन बंद करून ग्लँडचे नट थोडेथोडे, सर्व बाजूंनी सारखे आवळावेत. अखेरचा थेंबही थांबावा म्हणून जास्त आवळल्यास शाफ्ट तापून झिजतो आणि गळती वाढतच जाते.

तरीही धार न थांबल्यास पंपाने पाणी उपसत बंदर गाठावे. नौका किनाऱ्यावर ओढून जुनी दोरी पूर्ण काढावी. नव्या दोरीचे प्रत्येक कडे वेगळे कापावे व सांधे एका रेषेत येऊ देऊ नयेत. शाफ्टवर चर पडले असल्यास नवी दोरीही टिकत नाही.

रबरी सीलचा नियम वेगळा. तेथे थेंबही गळता कामा नये. गळू लागल्यास सील बदलणेच योग्य.