कपात येते शासन निर्णयातून

शाळेचा पैसा : भाग 5

सरकारी शाळांचा पैसा कमी करतोय, असं अर्थसंकल्पाच्या भाषणात कुठलाही मंत्री सांगत नाही. महागाई भत्ता आणि वेतन आयोग यांमुळे शिक्षण खात्याचा आकडा आपसूक फुगत जातो, आणि भाषणात तोच अभिमानाने वाचला जातो. मग शिक्षक रस्त्यावर कशासाठी उतरतात? मागच्या भागात आपण पाहिलं, की जिल्हा परिषदेच्या शाळेवर होणारा बहुतेक खर्च पगाराचा असतो. खडू, फळा, वीजबिल यांत वाचवून वाचवणार किती? खर्चाला खरी कात्री लावायची तर पदंच कमी करावी लागतात. आणि कुठल्या शाळेत किती पदं, हे ठरतं संचमान्यतेत.

दरवर्षी 30 सप्टेंबरच्या पटावरून प्रत्येक शाळेला किती शिक्षक मंजूर, याचा हिशेब होतो. ज्यांची आधार नोंद जुळते तीच मुलं पटात धरली जातात. या हिशेबाचे निकष बदलायला विधिमंडळात विधेयक आणावं लागत नाही; शालेय शिक्षण विभागाचा एक शासन निर्णय पुरतो. 15 मार्च 2024 रोजी असाच एक निर्णय निघाला. दुसऱ्याच दिवशी लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली, आणि मास्तर मंडळी निवडणुकीच्या कामाला जुंपली गेली. निर्णयाचा अर्थ शाळाशाळांत पोचेपर्यंत पावसाळा आला.

तो अर्थ एका उदाहरणाने पाहू. समजा, डोंगरातल्या एका गावात पहिली ते सातवीची शाळा आहे. पहिली ते पाचवीत मिळून 24 मुलं, सहावीत 9, सातवीत 8. शिक्षण हक्क कायदा 2009 सांगतो, की पहिली ते पाचवीसाठी 60 पटापर्यंत दोन शिक्षक हवेत आणि सहावी ते आठवीला दर वर्गामागे निदान एक. म्हणजे या शाळेला चार शिक्षक. नव्या निकषात सहावी ते आठवीचा पट विसाच्या खाली असेल, तर त्या वर्गांना शिक्षक शून्य. सहावी-सातवीची 17 मुलं शाळेतच राहतात, हजेरीपटावरही राहतात. त्यांचे दोन शिक्षक मात्र ‘अतिरिक्त’ ठरून समायोजनाच्या यादीत जातात. उरलेल्या दोघांनी सात इयत्ता सांभाळायच्या. त्यातल्या एकाकडे मुख्याध्यापकाचा प्रभार, पोषण आहाराच्या नोंदी आणि रोज मागितली जाणारी ऑनलाइन माहिती. ज्या पालकाला झेपतं तो पोराला तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतो. ज्याला झेपत नाही, त्याची मुलगी सातवीनंतर, कधी आधीच, घरी बसते. पुढच्या सप्टेंबरात पट आणखी उतरलेला असतो. शाळा बंद करा, असा आदेश कुणीही काढलेला नसतो.

याच्या आधीच्या दोन खेपांना सरकारने इतका आडवळणाचा रस्ता घेतला नव्हता. डिसेंबर 2017 मध्ये दहाच्या आत पट असलेल्या 1,314 शाळा जवळच्या शाळांत सामावून घ्यायचं ठरलं, तेव्हा बोंबाबोंब झाली. सप्टेंबर 2023 मध्ये पानशेत आणि तोरणमाळच्या धर्तीवर लहान शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढायचे प्रस्ताव मागवले गेले. तेव्हा वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांची सरकारी संख्या पुढे आली : 14,783 शाळा आणि 1,85,467 विद्यार्थी. आकडा इतका मोठा, की गावोगाव विरोध उभा राहिला. शाळेला टाळं लावायचं म्हटलं की गाव पेटतं. पद कमी केलं तर गावाला पत्ताही लागत नाही.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नाही. चार मुलांच्या शाळेत खेळाचा संघ होत नाही आणि भांडायलाही सवंगडी मिळत नाही. एकीकडे दोन मुलांमागे एक शिक्षक आणि दुसरीकडे पन्नास मुलांमागे एक, हे वाटपही न्याय्य म्हणता येणार नाही. पण या लहान शाळा कुणाच्या चुकीने उगवल्या नव्हत्या. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळा वस्तीपर्यंत नेऊ, असं म्हणून याच राज्याने 2000 च्या सुमारास वस्तीशाळा काढल्या. पाडा तिथेच आहे, मधला ओढाही तिथेच आहे.

आता शिक्षकांच्या राजकारणाकडे वळू. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद 171 ने विधान परिषदेत शिक्षकांना वेगळे प्रतिनिधी दिले. महाराष्ट्रात 78 पैकी 7 आमदार शिक्षक मतदारसंघांतून येतात. मात्र तिथे मत देता येतं ते माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. या मताची ताकद जानेवारी 2023 मध्ये नागपूर विभागात दिसली. जुन्या पेन्शनचा प्रश्न तापला होता. विदर्भ माध्यमिक शिक्षक संघाचे सुधाकर अडबाले यांनी भाजपचा पाठिंबा असलेले विद्यमान आमदार नागोराव गाणार यांना हरवलं. त्यानंतर मार्चमध्ये पेन्शनसाठी सात दिवसांचा संप झाला आणि सरकारला समिती नेमावी लागली.

संचमान्यतेचा सर्वांत मोठा घाव बसतो तो मात्र जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकावर, आणि त्याला या मतदारसंघात मतच नाही. वर्तणूक नियमांमुळे त्याला पक्षात जाता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही. संपावर गेलं तर ‘काम नाही, वेतन नाही’ ठरलेलंच. शिवाय संघटना डझनभर, आणि पतपेढीच्या निवडणुकीत एकमेकींसमोर उभ्या ठाकणाऱ्या.

तरीही सप्टेंबर 2024 मध्ये या संघटना एका मांडवाखाली आल्या. निमित्त होतं 5 सप्टेंबरच्या, म्हणजे नेमक्या शिक्षक दिनाच्या, शासन निर्णयाचं : वीसच्या आत पट असलेल्या शाळेतल्या दोनपैकी एका पदावर निवृत्त किंवा कंत्राटी शिक्षक नेमायचा, महिना 15,000 रुपयांवर. शिक्षकांनी काळ्या फिती लावल्या, प्रशासनाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून ते बाहेर पडले, आणि 25 तारखेला सामूहिक रजा टाकून जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे काढले. विधानसभा निवडणूक तोंडावर होती. मोर्चाच्या दोन दिवस आधीच सरकारने वीसची मर्यादा दहावर आणली. फेब्रुवारी 2025 मध्ये कंत्राटी नेमणुकीचा तो निर्णयच रद्द झाला. 15 मार्चचे निकष मात्र जागेवरच राहिले. म्हणून 5 डिसेंबर 2025 रोजी पुन्हा शाळा बंद ठेवल्या गेल्या. या वेळी सेवेत असलेल्यांना शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) सक्तीची करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचीही धग होती.

या सगळ्यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पेन्शनच्या संपात गावकरी शिक्षकांच्या बाजूने फारसे बोलले नाहीत. ‘तुम्हाला पगार काय कमी आहे? आणि तुमची पोरं कुठल्या शाळेत?’ हा पारावरचा सवाल झोंबणारा असला तरी खोटा नाही. कपातीच्या लढ्यात मात्र शिक्षकाचं पद आणि गावातल्या मुलाचा वर्ग ही एकच बाब ठरते. ती गावाला समजावून सांगितली, तर मतदारसंघ नसलेल्या शिक्षकामागे अख्ख्या गावाची मतं उभी राहू शकतात. त्यासाठी कायद्यानेच एक जागा करून ठेवली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि शाळेचा विकास आराखडा करणं हे तिचंच काम. संचमान्यतेचा तक्ता या समितीच्या बैठकीत वाचून दाखवायला कुठलाही वर्तणूक नियम आड येत नाही. समितीचा ठराव ग्रामसभेत गेला, की मास्तरांची तक्रार गावाची मागणी होते. आमदाराला जिल्हा कचेरीवरच्या घोषणांपेक्षा पन्नास ग्रामसभांचे ठराव जड जातात, कारण त्या प्रत्येक ठरावामागे मतदार यादी असते.

मोर्चाच्या दिवशी शाळा बंद ठेवून शिक्षक तालुक्याला जातात, तेव्हा किती जण आदल्या संध्याकाळी पालकांना बोलावून कारण सांगतात? जिथे सांगतात, तिथे त्या बंदला वेगळं वजन येतं.

पुढच्या भागात : शाळा व्यवस्थापन समितीचे कागदावरचे अधिकार, आणि शाळेचा आराखडा तयार होतो कसा.